हरवलेली व्यंजने

मराठी भाषेने माणसाच्या कोणत्या अवयवावर सर्वांत अधिक अन्याय केला असेल, तर तो कानावर. डोळ्यांच्या वाट्याला प्रेम आले, हृदयाच्या वाट्याला काव्य आले, नाकाकडे तर साऱ्या घराण्याची अब्रू सोपवलेली. कानाच्या वाट्याला काय आले? तो उपटायचा, पिळायचा, टोचायचा आणि फुंकायचा. एखाद्या भोळसट माणसाचा दोष खरे म्हणजे त्याच्या डोक्याचा असतो. पण आपण म्हणणार, ‘तो हलक्या कानाचा आहे!’ दुर्लक्षाचा आळ घ्यायची वेळ आली की मात्र ‘कानाडोळा’ या शब्दात त्याला मानाने पहिली जागा. कानाला खरा न्याय मिळालेला मी एकाच ठिकाणी पाहिला आहे, आणि ते म्हणजे डॉक्टरांची पाटी. तिथे ‘कान, नाक, घसा’ या क्रमात तो बिनविरोध पहिला असतो.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. एम. ए. ला भाषाशास्त्र होते, शरीरशास्त्र नव्हते. तेव्हा कानाच्या वैद्यकावर मी चार शब्द लिहावेत हा तसा आगाऊपणाच. पण गेली दोन वर्षे आमच्या घरी जे चालले आहे त्यामुळे मला अलंकारांपेक्षा कानावरच अधिक वाचावे लागले. आणि वाचता वाचता ध्यानात आले की, ज्या व्याकरणावर मी पोट भरतो त्याचाच एक धडा निसर्गाने कानात उलटा लिहून ठेवला आहे.

हे सारे सुरू झाले आमच्या मामांमुळे. मामा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सारी नोकरी त्यांनी मुंबईला, फोर्टातल्या मुख्य तारघरात केली. जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद केली त्या दिवशी मामांनी घरात सुतक पाळल्यासारखे तोंड केले होते. तरुणपणी त्यांचे कान म्हणजे तारघराचा अभिमान. एका दालनात कितीतरी यंत्रे एकाच वेळी कडकट्ट करीत असायची आणि त्या गलक्यातून आपल्या यंत्राची अक्षरे अचूक टिपून मामा शेजाऱ्याशी क्रिकेटच्या गप्पाही मारायचे. मामी गेल्यानंतर ते ठाण्याला आमच्याकडे राहायला आले.

आणि मग एके दिवशी सकाळी आमच्या सौभाग्यवतींच्या मैत्रीण दारात आल्या. समोरच्या बिऱ्हाडात नुकतेच लग्न झालेले, त्यांनी मामांना सहज विचारले, “काय मामा, सून आली का समोरची?” मामा गॅलरीकडे हात करून प्रसन्नपणे म्हणाले, “आलंय की! पापड आणले असतील तर घाला वाळत.”

आम्ही पोट धरधरून हसलो. मामाही हसले. पण पुढच्याच आठवड्यात त्यांचे भाजीवाल्याशी भांडण झाले. तो ‘साठ रुपये’ म्हणत होता आणि मामांच्या मते त्याने स्पष्ट ‘आठ’ म्हटले होते. मला मौज वाटली ती अशी की, दोन्ही वेळी हरवला होता तो एकच वर्ण. ‘सून’मधला ‘स’ गेला, ऊन उरले. ‘साठ’मधला ‘स’ गेला, आठ उरले. हा ‘स’ जातो तरी कुठे?

त्याचे उत्तर शोधायला कानाच्या आत शिरावे लागते. हवेतून आलेला आवाज पडद्यावर आदळतो. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशा नावांची तीन चिमुकली हाडे आहेत. त्यांतली रिकीब हे साऱ्या शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. ही हाडे तो आवाज आतल्या एका द्रवाने भरलेल्या नळीकडे पोचवतात. ही नळी शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढे घेऊन बसली आहे. आकार वाटाण्याएवढा, उलगडली तर लांबी सुमारे साडेतीन सेंटिमीटर. तिच्यात ओळीने उभ्या असतात केशपेशी. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक. कानात केशपेशी पंधरा-सोळा हजार! एवढ्याशा भांडवलावर माणूस आईची हाक, सनईचा सूर आणि शेजाऱ्यांचे भांडण हे सारे जन्मभर ऐकत असतो.

या शंखात प्रत्येक सुराची जागा ठरलेली आहे. तोंडाशी उंच, बारीक सूर. आत शेवटच्या वेढ्याशी खर्जाचे सूर. आवाजाची लाट या शंखातून कशी धावते हे ज्याने उलगडून दाखवले त्या गेओर्ग फोन बेकेशीला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा हंगेरीतला शास्त्रज्ञ, आणि त्याने हे संशोधन आरंभले ते बुडापेस्टला टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत. टेलिफोनवरून बोलणे स्पष्ट कसे ऐकू येईल हा तिथला प्रश्न होता. हे मी मामांना सांगितले तेव्हा, “म्हणजे आपल्याच खात्यातला!” असे म्हणून त्यांनी नोबेल पारितोषिक जवळजवळ स्वतःकडेच घेतले.

वय वाढते तसे या शंखाचे तोंड आधी झिजते. म्हणजे उंच सूर आधी जातात. आणि इथेच माझे व्याकरण उलटे होते. ‘स्वर स्वतंत्र, व्यंजने परावलंबी, स्वराच्या आधारावाचून व्यंजनाचा उच्चार पूर्ण होत नाही,’ असे आपण शाळेपासून पाठ करीत आलो. आवाजाच्या जगात हे खरेच आहे. अ, आ, ऊ हे स्वर जोरकस आणि बहुतांशी खालच्या पट्टीतले. ते म्हातारपणीही ऐकू येतात. स, श, फ, थ, त ही मंडळी मात्र नाजूक आणि उंच पट्टीत वावरणारी. ती सर्वांत आधी दिसेनाशी होतात. पण शब्दाचा अर्थ सांभाळतात ती नेमकी हीच! सात, हात, भात, रात, वात, लात हे सारे शब्द एकाच ‘आ’वर उभे आहेत, कोणता भात आणि कोणती लात हे ठरवते ते पहिले व्यंजन. म्हणून तर म्हातारी माणसे म्हणतात, “आवाज येतो रे, पण कळत नाही.” आपल्याला तो कांगावा वाटतो. ते अक्षरशः सत्य असते. स्वर पोचलेले असतात, व्यंजने वाटेत गळलेली असतात. आणि अशा माणसाच्या कानाशी तोंड नेऊन आपण ओरडतो, तेव्हा मोठे होतात ते मुख्यतः स्वरच. व्यंजने होती तिथेच राहतात. वर म्हाताऱ्याला वाटते, हा माझ्यावर रागावला.

आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना आपला स्वर मऊ होतो. बहिऱ्या माणसाने दोनदा विचारले की आपण वैतागतो. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक तरी प्रहसन असे असते, की ज्यात बहिरा म्हातारा काहीतरी भलतेच उत्तर देतो आणि सभागृह हशाने दणाणते. म्हणून असेल, पण चाळिशी लागली की माणूस चश्मा मिरवतो आणि कानात यंत्र घालायची पाळी आली की केस वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे दीडशे कोटी माणसांचे ऐकणे कमीअधिक प्रमाणात उणावलेले आहे आणि त्यांपैकी ४३ कोटींना उपचारांची किंवा साहाय्याची गरज आहे. एवढ्या मोठ्या समाजाने लाजून लपावे, ही खरोखर कमालच म्हणायची.

मामांचे पुढे काय झाले ते सांगतो. ते भांडेनासे झाले. मग विचारेनासे झाले. जेवायला सारे बसले की ते ताटाकडे पाहत जेवायचे. विनोद झाला की सारे हसल्यावर एक क्षण मागून हसायचे. तलावपाळीवरच्या आपल्या मित्रमंडळींत जाणे त्यांनी गुडघ्यांच्या सबबीवर बंद केले. एकच वर्तमानपत्र दोनदा वाचू लागले. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, “मामा विसरायला लागले वाटतं. काल सांगितलेलं आज आठवत नाही.” स्मृतिभ्रंश हा शब्द कोणीतरी उच्चारला आणि घरात सारे गप्प झाले.

आता हीच शंका अलीकडे शास्त्रज्ञांनीही मोठ्या गांभीर्याने तपासली आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांनी २०११ साली ६३९ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर असे दिसले की, ज्यांना थोडे कमी ऐकू येत होते त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका चांगले ऐकणाऱ्यांच्या दुप्पट, मध्यम बहिरेपण असलेल्यांना तिप्पट आणि तीव्र असलेल्यांना पाचपट होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत कमी ऐकू येणे हे एक प्रमुख कारण आहे.

दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणून एकीने दुसरी घडवली असे मात्र होत नाही. तेव्हा यंत्र लावून फरक पडतो का, हे पाहिले पाहिजे. तसा एक प्रयोग अमेरिकेत झाला आणि २०२३ साली त्याचा निष्कर्ष आला. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ माणसांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रे दिली, निम्म्यांना नुसते आरोग्याचे शिक्षण दिले आणि तीन वर्षे वाट पाहिली. सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. पण ज्यांची प्रकृती आधीच अशी होती की बुद्धी लवकर मंदावण्याचा धोका अधिक, त्यांच्यात यंत्र लावणाऱ्यांची घसरण जवळजवळ निम्म्याने कमी होती. म्हणजे श्रवणयंत्र ही काही बुद्धीची संजीवनी नव्हे. परंतु ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ते नुसते कर्णभूषणही नव्हे.

असे का व्हावे? एक कारण असे दिसते की, गळलेली व्यंजने अंदाजाने भरून काढण्यातच मेंदूची सारी शक्ती खर्च होते. ऐकलेले साठवायला काही उरत नाही. दुसरे कारण आपल्या घराघरांतले आहे. सारे हसतात, म्हातारा विचारतो, “काय झालं?” आणि कोणीतरी हात झटकून म्हणते, “काही नाही हो!” मराठीतले हे तीन शब्द मला अलीकडे फार क्रूर वाटू लागले आहेत. काही तरी झालेले असते. ते साऱ्या घराला ठाऊक असते. फक्त एका माणसाला ते सांगण्याइतके महत्त्वाचे नसते, असा त्याचा अर्थ. दिवसातून दहा वेळा ‘काही नाही हो’ ऐकलेला माणूस अकराव्या वेळी विचारत नाही. घर त्याला वगळते, मग तोच घराला वगळतो. बहिरेपणाने मेंदू थकत असेल तो या वाटेनेही.

मामांना आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे नेले. काचेच्या खोलीत बसवून, कानाला टोपणे लावून त्यांची परीक्षा झाली. कागदावर जो आलेख उमटला तो डावीकडे सरळ चाललेला आणि उजवीकडे, उंच सुरांच्या बाजूला, घाट उतरल्यासारखा खाली गेलेला. डॉक्टर म्हणाले, “यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. जे कानापर्यंत पोचलंच नाही ते विसरणार कसं?” मामांनी ते वाक्य दोनदा लिहून घेतल्यासारखे ऐकले आणि परतताना रिक्षात म्हणाले, “बरोबर आहे. तारच पोचली नाही तर उत्तर कुठून येणार?”

यंत्र आले. पहिल्या दिवशी त्यांनी ते लावले आणि संध्याकाळी चश्म्याच्या जुन्या घरात घालून कपाटात ठेवून दिले. तक्रार अशी की, सारेच ऐकू येते! पंखा, नळ, प्लॅस्टिकची पिशवी, सांडशी. ही तक्रारही खरी होती. कॉलिन चेरी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५३ साली एक प्रश्न मांडला होता: दहा माणसे एकदम बोलत असता आपण त्यांतल्या एकाचेच बोलणे कसे ऐकतो? आपल्याकडची लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. बँड, वाढपी, आग्रह आणि उखाणे चालू असता शेजारच्या पानावरची वार्ता आपल्याला नेमकी ऐकू येते. ही निवड करण्यात कानापेक्षा मेंदूचा वाटा मोठा. वर्षानुवर्षे अर्धवट आवाज मिळालेल्या मेंदूची ही सवय मोडते, आणि ती परत लागायला आठवडे, कधी महिनेही जातात. चश्मा लावल्यावर त्याच क्षणी अक्षर दिसते; श्रवणयंत्राचे तसे नाही. ते लावून बसावे लागते, पुन्हा पुन्हा जाऊन डॉक्टरांकडून ते जुळवून घ्यावे लागते. पहिल्या आठवड्यात कपाटात गेलेली यंत्रे आपल्याकडे किती असतील!

मामांचे यंत्र कपाटातून बाहेर आले ते आमच्या कन्येमुळे. तिला मामांकडून मोर्सची लिपी शिकायची होती. टेबलावर टिचक्या मारून ते शिकवत. टेबलाचा ठक् ठक् आवाज खालच्या पट्टीतला. तो त्यांना यंत्रावाचूनही कळे. पण तिचा प्रश्न कळत नसे. शिष्येचा प्रश्न कळला नाही तर गुरूची पंचाईत. म्हणून धडा चालू असेपर्यंत यंत्र कानात, असा तह झाला. धडे लांबत गेले. दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी मामा एकदम म्हणाले, “हा फोडणीचा चुर्रर्र आवाज किती वर्षांनी ऐकला!” आमच्या घरात पदार्थवाचक व्यंजने आणि वर्णमालेतली व्यंजने अशी बरोबरच परत आली.

यापुढचे संशोधन तर अद्भुताच्या वाटेने चालले आहे. जिथे केशपेशी जवळजवळ संपल्याच, तिथे आवाज नुसता मोठा करून उपयोग नाही. थेट मज्जातंतूलाच विजेचे संकेत द्यावे लागतात. पॅरिसला १९५७ साली जूर्नो आणि एरिएस या दोघांनी तो पहिला प्रयत्न केला. ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक विद्युतमार्ग असलेले यंत्र एका रुग्णाच्या कानात बसवले. क्लार्कांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येई. त्या मुलाने पुढे जन्म या कामाला वाहिला. वेटोळ्या शंखात बारीक तार घालायची कशी, हे कोडे त्यांना सुटत नव्हते. समुद्रकिनारी बसले असता त्यांनी एका शिंपल्याच्या शंखात गवताची पाती घालून पाहिली: टोकाला लवचीक आणि बुडाला ताठ अशी पाती अलगद आत वळत गेली. तारही तशीच केली. आजवर अशी दहा लाखांवर यंत्रे माणसांच्या कानांत बसली आहेत. जन्मतः बहिरी मुले वेळेवर उपचार झाले तर बोलू लागतात. लंडनच्या डेव्हिड केम्प यांना १९७८ सालीच आढळले की, निरोगी कान आवाज ऐकताना स्वतःही बारीकसा आवाज बाहेर टाकतो. त्यावरून आता झोपलेल्या तान्ह्या बाळाचा कान काही मिनिटांत तपासता येतो. बाळ जन्मले की वजन विचारणाऱ्या आजीने ही तपासणी झाली का, तेही विचारावे.

आणि २०२४ च्या जानेवारीत शांघायहून वार्ता आली. एका विशिष्ट जनुकातील दोषामुळे बहिऱ्या जन्मलेल्या सहा मुलांच्या कानात निर्दोष जनुक सोडण्यात आले. त्यांतली पाच मुले ऐकू लागली. हा दोष थोड्याच मुलांत असतो, तेव्हा म्हातारपणच्या बहिरेपणावर ते औषध नाही. झिजलेल्या केशपेशी माणसाला परत येत नाहीत. कोंबडीला मात्र येतात! हे १९८८ च्या सुमारास सिद्ध झाले. कोंबडीला साधते ते माणसाला का साधू नये, यावर प्रयोगशाळांतून अजून डोकेफोड चालू आहे. तोपर्यंत आहेत त्या पंधरा हजारांवर भागवायचे आहे.

म्हणून या सणाच्या दिवसांत दोन शब्द. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि तिथे बेरीज नसते, गुणाकार असतो: दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दसपट. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो; दर तीन डेसिबलना ही मुदत निम्मी होते. आपल्याकडे १९९९ च्या नियमाने चार मीटरवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यावर बंदी आहे. चार मीटर म्हणजे आपल्या दिवाणखान्याची लांबी. वात पेटवणारे पोर त्याहून पुष्कळ जवळ असते. २००९ साली अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची श्रवणशक्ती चाचणीत पूर्ववत झाली. परंतु आत पाहिले तेव्हा उंच सुरांच्या भागात केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले जवळजवळ निम्मे सांधे कायमचे तुटलेले होते. फटाक्यानंतर कान गुणगुणतो आणि सकाळी बरा होतो, तेव्हा तो खरोखरच बरा झाला असे समजू नये.

दुसरा शब्द फराळाच्या वेळचा. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना समोर बसावे, आपल्या तोंडावर उजेड पडेल असे बसावे, दूरदर्शन संच बंद करावा. ओरडू नये, सावकाश आणि स्पष्ट बोलावे. ओठ दिसले की हरवलेली काही व्यंजने डोळ्यांनीच सापडतात. आणि त्यांनी “काय झालं?” म्हणून विचारले, तर झालेला विनोद पहिल्यापासून सांगावा. दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद तितकासा खुलत नाही हे मला मान्य आहे. आमच्याकडे तर मामांना तो समजावून सांगेपर्यंत चिवडा मऊ पडतो. पण मग मामा हसतात ते सर्वांच्या मागून नव्हे. विनोद कळून, आपल्या वेळेला हसतात, आणि आम्ही पुन्हा एकदा त्यांच्याबरोबर हसतो.